लँथेनमची पुडी

गोवाल पाडवी लोणखेड्याच्या एका कॉलेजात लॅबमध्ये कामाला होता. घर मोलगीकडच्या पाड्यावर. तिथे बायको रमिलाबाई आणि सतरा वर्षांची लेक सीमा. सीमाला सिकलसेल, रक्तपेशींचा जन्मजात आजार. अंगाने इतकी बारीक की अनोळखी माणूस तिला पाचवीतली समजायचा.

लॅबच्या गायत्री मॅडम लँथेनम नावाच्या धातूच्या क्षारावर प्रयोग करत होत्या. कांदे त्या क्षाराच्या पाण्यात ठेवायचे, रोज मुळं मोजायची, हे गोवालचं काम. क्षार अगदी कणभर असला की मुळं तरारून वाढत. जास्त झाला की खुंटत.

एकदा त्याने कारण विचारलं.

"पेशीला बारीक दारं असतात, गोवालभाऊ. त्यातून कॅल्शियम आत जातं. लँथेनम त्या दारातच ठाण मांडून बसतं."

"आमच्या सीमाच्या पेशींनाही दारं आहेत?"

"आहेत, पण गळकी. पाणी निघून जातं, मग पेशी सुकते, वाकते."

"मग ती दारं लावून घेतली तर?"

"टेस्ट ट्यूबमध्ये चालेल, माणसात नाही. काळीजही अशाच दारांवर चालतं, भाऊ."

त्याला पटलं. तरी शनिवारी गावी निघताना त्याने चिमूटभर क्षार कागदात बांधून घेतला. ती वाढलेली मुळं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

घरी पोचला तर सीमा कळांनी तळमळत होती. त्याला पाहताच रमिलाबाई जीप शोधायला धावली. सीमाने त्याचा खिशात गेलेला हात पाहिला.

"बा, दवा आणली?"

पुडी बोटांत होती. दुसरा हात त्याने तिच्या छातीवर ठेवला. आत काळीज पाखरासारखं फडफडत होतं.

"नाही गं," तो म्हणाला. तिने तोंड फिरवलं.

जीप अक्कलकुव्याला पोचायच्या आत, घाटातच ती गेली.

दहा दिवसांनी तो कामावर आला. पुडी मॅडमच्या टेबलावर ठेवून त्याने सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

"दिली असती तर तुमच्याच हातून काहीतरी झालं असतं. तुम्ही बरोबर वागलात."

"असेल. पण मॅडम, तिने तोंड फिरवलं ना."

मॅडमनी पुडी उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

पुढच्या सुट्टीत चुलीपाशी बसून रमिलाबाईने विचारलं, "मी जीप बघायला गेले, तेव्हा पोरीने काही मागितलं का?"

"पाणी," गोवाल म्हणाला.

"दिलं ना?"

"दिलं."