दिग्दर्शकाच्या बापाचं काम

आमच्या गावचा सरकारी दवाखाना कुलूप लावून बंद केला, म्हणून मोर्चासाठी फिल्म हवी होती. धुळ्याजवळ एक सिनेदिग्दर्शक राहतो असं कळलं. गेलो, आणि स्पष्टच सांगतो, चीड आली. या गृहस्थाने आयुष्यभर एकच सिनेमा काढलाय: त्याचा मेलेला बाप खाटेवर बसलाय. फक्त बाप दरवेळी वेगळा. कधी केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर, कधी पोस्टमन, एकदा तर मिशी लावलेली मावशी!

"भाऊ, लोक औषधावाचून तडफडतायत आणि तुम्ही खाट काय दाखवता?" मी ओरडलो.

त्याने बोटांची चौकट करून मला न्याहाळलं. "आधी तू मना बाप व्हय, मंग तुनी फिल्म करसू."

"मी? मी तुमच्या पोराच्या वयाचा आहे!"

"मना बाप कोन्हीबी व्हई सकस. तो घरमा कधी बोलनाच नही."

घोषणा देऊन घसा बसवणारा मी, दुपारभर खाटेवर तोंड मिटून बसलो. पोलिसांनीसुद्धा मला इतका वेळ गप्प बसवलेलं नाही.

संध्याकाळी अंगणात चादर बांधून सिनेमा लावला. मला बघून शेजारी खिदळले, "हाऊ पोऱ्या बाप शे?" दिग्दर्शकाच्या म्हाताऱ्या आईने मात्र पदर कपाळावर ओढला आणि चादरीकडे बघत म्हणाली, "आते तरी काही बोला ना."



दवाखान्याची फिल्म त्याने शब्दाप्रमाणे केली. कुलपापुढे तीच खाट आहे, खाटेवर त्याची आई बसलीय, आणि ती बोलायची थांबतच नाही.