सहासष्ट दिवसांची राणी

माह्या नवऱ्याचं नाव डोमनलाल राहांगडाले. तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. वादळात खांबावर चढायचे, तारा जोडायचे, आणि घरी आले का भिंग घेऊन रोमच्या राण्या पाहत बसायचे. हो, रोमच्याच. अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वीची चांदीची नाणी, एकेकावर एकेका बादशहाची बायको. बादशहाचं नाणं कोणी फुकट दिलं तरी घेत नव्हते. म्हणत, "राजाइले सारेच ओळखतेत, दुलारी. ह्या बायाइले कोण इचारते?" मी म्हणायची, घरातल्या बाईले पयले इचारा, पोरीच्या लग्नाचा मंडपवाला कोण सांगणार हाय? ऐकतील त शपथ.

रिंकीच्या लग्नाले पाच दिवस राहिले होते. आमच्या घरात मोठ्या पोरीले आजीची माळ देतेत. इंग्रजाच्या वेळच्या राणीछाप पावल्या, म्हणजे चांदीचे चार आणे, त्याइची माळ. ती कधीचीच तुटली होती, कड्या झिजून गेल्या होत्या, आणि सुट्या पावल्या लोखंडी पेटीत पडून होत्या. सासूबाईनं जाताना मले सांगतलं होतं, पंधरा हायेत. मी पेटी उघडली त सोळा निघाल्या. मले वाटलं, म्हातारी मोठी पक्की, एक लपवून ठेवली होती. डोळ्याले चष्मा नाई, चुलीवर पाहुण्याइचा चहा उतू जाऊन राहिला. साऱ्या फडक्यात बांधल्या आणि आमगावच्या शालीकराम सोनाराले नेऊन दिल्या.

आमच्याकडच्या बाया सोनाराच्या चांदीवर भरोसा ठेवत नाईत. कडीसुद्धा घरच्याच चांदीची पाहिजे. म्हणून मी त्याले म्हटलं, "पंधरा माळेत घ्या. सोळावी जास्तीची हाय. जी सगळ्यात घासलेली दिसन ती गाळा, आणि तिच्याच कड्या करा." माही हुशारी पाहून मीच खुश होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पेटीसमोर खाली बसून होते. पेटी उघडी, हात मांडीवर.

"पावल्या कुठं हायेत?"

"शालीकरामकडं. कड्या लावाले."

"साऱ्याच?"

"त अर्ध्या देऊ काय?"

ह्याइचा चेहरा असा उतरला का मी घाबरली. सोनाराले फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तसंच. मग काई न सांगता गाडी काढली. मी चप्पल न घालताच मागं बसली.

आमगावच्या आधी रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी यायची होती. ह्याइनं गाडी बंद केली आणि समोर पाहतच बोलले, "परवा मी सडक अर्जुनीले पत्रिका वाटाले गेलो नव्हतो."

"त कुठं गेलते?"

"नागपूरले."

तिथं एका म्हाताऱ्याजवळ एक नाणं होतं. ह्याइनं आपल्या अकराही राण्या त्याले देल्ल्या आणि ते एक घेतलं. मनलिया स्कँटिला नावाची राणी. तिचा नवरा सहासष्टच दिवस बादशहा होता, मग त्याले मारून टाकलं. एवढ्या दिवसांत तिची नाणी निघून निघून किती निघणार? म्हणे, "वीस वर्षं हिलेच शोधून राहिलो होतो. तू बोलशील म्हणून सांगतलं नाई. पेटीले कुलूप हाय म्हणून तिथंच ठेवली, पावल्याइच्या बाजूले."

माह्या अंगाची लाही झाली. घरात लग्न, आणि हा माणूस बायकोशी खोटं बोलून नागपूरले जाते! मी चांगलं फैलावर घेतलं. फाटकावरचे लोक मागं वळून पाहत होते.

हे शांतच. म्हणाले, "कडी लावली असन त काढता येईन. चेहरा तसाही घासूनच गेला हाय. नाक आणि अंबाडा, तेवढंच दिसते. पण तिचाच हाय."

घासून गेला हाय. सोनाराले मी तेच त सांगतलं होतं, सगळ्यात घासलेली गाळा.

मालगाडी आली. डबे सरता सरेनात. "आता काऊन चूप झालीस?" ह्याइनं विचारलं. मी म्हटलं, "काई नाई. फाटक उघडलं का लवकर चाला." तेव्हाच सांगाले पाहिजे होतं. हिंमत झाली नाई. शालीकराम मोठा आळशी माणूस, साध्या कामाले आठ दिवस लावते. मी मनातल्या मनात त्याच्या आळसाले हात जोडत होती.

दुकानात पाय ठेवला त माळ खिळ्याले लटकून होती. घासून पुसून लख्ख. शालीकराम हसून म्हणाला, "वहिनी, फोन घरी राहिला, पण तुमचं काम पयले केलं. आपल्या पोरीचं लग्न हाय."

ह्याइनं माळ काढून घेतली. खिशातून भिंग काढलं. एक पावली पाहिली, दुसरी, तिसरी. पंधराही पाहिल्या. मग वर पाहिलं, आणि काय सांगू, चेहरा खुलला होता. "ह्याच्यात नाई ती. म्हणजे तिले कडी लागलीच नाई. कुठं ठेवली, शालीकराम?"

"कोणती? ती सोळावी?" शालीकरामनं माह्याकडं पाहिलं. "तिच्याच त ह्या कड्या हायेत. बाईचा चेहरा होता, मी राणीछापच समजलो."

"गाळाले कोणी सांगतलं?"



"मी," मी म्हटलं.

ओरडले असते त बरं झालं असतं. हे बाकड्यावर बसले. पाणी मागतलं आणि पेलंच नाई. मग माळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चाल, घरी कामं हायेत."

लग्न पार पडलं. रिंकी बालाघाटले गेली. पण ह्याइचं माह्याशी बोलणं मीठ-साखरेपुरतंच राहिलं. भिंगाले हात नाई, राण्याइचं नाव नाई. एक दिवस मी म्हटलं, "माही चूक झाली." हे म्हणाले, "माही बी," आणि उठून वावरात गेले.

दिवाळीनंतर रिंकीचा फोन आला. माळेची एक कडी तुटली होती. तिथला सोनार म्हणे नवी लावून देतो. तिनं मले विचारलं, "माय, जुनी फेकून देऊ काय?"

मी काई बोलायच्या आत ह्याइनं फोन माह्या हातातून घेतला. "फेकू नको, बाई. सारे तुकडे कागदात बांधून ठेव. मी उद्याच येतो."

फोन ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी माह्याकडं नीट पाहून म्हणाले, "तू बी चाल."