भाऊ येतो, असं मी सांगितलं

किटलीकाकींना मी खोटं सांगितलं होतं, आणि ते एका वाक्याचं खोटं वर्षानुवर्षं सांभाळलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर पुढचं कौतुक मला शोभणार नाही.

अंथुर्ण्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. हातात कायम किटली, म्हणून आम्हा पोरांनी ठेवलेलं हे नाव. विनोद घडायच्या आधीच हसायची त्यांना सवय होती. संध्याकाळी आमच्या टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. तिला त्या ‘हसायची’ म्हणायच्या. दुधाची किटली मांडीशी घेऊन उंबऱ्यात बसायच्या. पडद्यावर कोणी नुसतं दार उघडलं तरी पदर तोंडाला. आई म्हणायची, “आवं, अजून काय झालं बी न्हाय!”

“आता हुईल की. मला कुठं शेवटपत्तोर बसायचंय? आधीच हसून घेती.”

ते खरंच होतं. भाग निम्म्यावर आला की डेअरी बंद व्हायची वेळ होई आणि त्या उठायच्या. एकही भाग त्यांनी पुरता पाहिला नव्हता. परतताना मला हाक मारायच्या, “बाळ्या, म्होरं काय झालं रं?” मी नकला करून सांगायचो. बदल्यात कधी खरवसाची वडी मिळायची.

मालिकेत एकाच इमारतीत वर-खाली राहणारे बहीण-भाऊ होते. एका भागात त्यांचं बोलणं तुटलं. त्या दिवशी काकी हसल्या नाहीत. त्यांचंही तसंच झालं होतं. वडगाव निंबाळकरच्या भावानं लेकीच्या लग्नाची पत्रिका स्वतः न आणता दुसऱ्याच्या हाती पाठवली. काकी लग्नाला गेल्या नाहीत आणि येणं-जाणं संपलं. त्या संध्याकाळी काकी डेअरीला गेल्या आणि मीही खेळायला पळालो. उरलेला भाग मी पाहिलाच नाही.

परत येऊन त्यांनी विचारलं, “आधी कोन गेलं रं? भाऊ का भन?”

“भाऊ येतो,” मी ठोकून दिलं. “साडी घेऊन दारात हुबा राहतो.”

काकींनी किटली खाली ठेवली. “मग आमचा बी यील.”

तेव्हापासून कोणी समजूत घातली की त्या मालिकेचाच दाखला द्यायच्या. “टीव्हीत बी भाऊच आला. म्या का जाऊ?” दर भाऊबिजेला ओट्यावर बसून रस्ता बघायच्या. ते बघत मी मोठा झालो. कदाचित खरंच भाऊ आला असेल, अशी मनाची समजूत काढत राहिलो.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं. ती मालिका कॅसेटवर येणार अशी जाहिरात आली, ती दारावर चिकटवली. पण कॅसेट काही येईना. निर्मात्यांत वाद आहेत, पुढच्या दिवाळीला नक्की, असं कळायचं. ती दिवाळीही कोरडी जायची. गुरुवारच्या बाजाराला आल्या की तेलाची किटली पायरीवर टेकवून काकी विचारायच्या, “आली का रं माझी हसायची?”

“न्हाय, काकी.”

“मालक भांडत्यात व्हय अजून? आमच्यावानीच हायेत म्हनायचं!” आणि स्वतःच हसायच्या.

शेवटी कॅसेट आली तेव्हा जाहिरातीचा रंग उडून गेला होता. तो भाग मी दुपारी दुकानात एकट्यानं लावला. भाऊ येतच नव्हता. बहीणच जिना चढून जाते, दार बडवते, उंबऱ्यावरच दोघं तावातावानं भांडतात आणि भांडता भांडता एका ताटात जेवायला बसतात. मी कॅसेट काउंटरखाली ढकलली.

पुढच्या गुरुवारी म्हणालो, “न्हाय आली.” त्याच्या पुढच्याही गुरुवारी तेच. किटली वाजली की मी हिशोबाच्या वहीत मान घालायचो. एकदा तर मागच्या दारानं निघून गेलो आणि उन्हात उगाच फिरत राहिलो.

मग एका गुरुवारी काकी रिकाम्या हातानं आल्या. “म्हस इकली रं. गुडघं चालंनात. आता आली की आख्खी बघीन बग. आन न्हायतर भाऊ येतो तेवढंच दाव. कसा येतो, काय बोलतो, एवढं बघू दे.”

त्याच संध्याकाळी व्हीसीआर घेऊन मी अंथुर्ण्याला आमच्या घरी गेलो. काकी पहिल्यांदाच उंबरा सोडून टीव्हीसमोर बसल्या. नेहमीसारखं आधीच हसू लागल्या. बहीण जिना चढू लागली तसा त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला आणि भाग शेवटपर्यंत पाहिला.

“काकी, त्या दिवशी म्या बघितलंच नव्हतं,” मी म्हणालो. “आन ही कॅसेट बी कवाच आलीया. म्या लपवली.”

“म्हागं घे,” त्या म्हणाल्या. “ती जिना चढती तितं.”

तेवढंच पुन्हा पाहिलं. मग त्या उठल्या. “सकाळी स्कूटर काढ. तू बी आत यायचं.”

वडगावात त्यांचे भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. फार थकले होते. कपाळावर आडवा हात धरून आमच्याकडे बघत उठू लागले. “कोन? आक्का?”

काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या; काही घडायच्या आधीच. मग कोपरानं त्यांनी मला पुढं ढकललं. “आधी ह्याचं ऐक. मग भांडू आपन.”

मी हात जोडले. “मामा, भाऊ आधी येतो असं काकींला म्या सांगितलं हुतं. न बघता. म्हणून त्या इतकी वर्सं तुमची वाट बघत बसल्या. माझं चुकलं.”

आणि काकींकडे वळून, जे आदल्या रात्री तोंडातून निघालं नव्हतं, ते त्यांनाही म्हणालो, “काकी, माझं चुकलं.”