परत न दिलेली सावली

झुलालनाना आमच्या हायस्कुलात शिपाई होता आणि मी कारकून. दाखले आणि हजेरीपत्रकं सोडून मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा हे नीट उतरेल की नाही, सांगता येत नाही. पण नानाबद्दल गावात भलतंसलतं बोललं जातं, आणि त्या दुपारी मी तिथं होतो.

गाव पारोळ्यापासून अकरा किलोमीटर, सगळं कापसाचं. नाना नोकरीला लागला त्या वर्षी शाळेचं घड्याळ बंद पडलं, दुरुस्तीला गेलं ते दीड वर्ष आलंच नाही. तेवढे दिवस त्यानं झेंड्याच्या खांबाच्या सावलीवर घंटा दिली. खांबाच्या ओट्यावर कोळशानं खुणा करून ठेवल्या. घड्याळ आलं तरी खुणा करणं सुटलं नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, उन्हाळ्यात डोक्यावर चढत येतो, हे त्याला पुस्तकाआधी त्या ओट्यानं शिकवलं. मे महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास, बारा वाजून सव्वीस मिनिटांनी, सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडात शिरून नाहीशी होते, हेही त्यानं तिथंच पाहिलं.

मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती जमायची. तो सांगायचा, चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथली सावली विहिरीसारखी काळी. सावलीत पाय टाकला तर आपलाच पाय आपल्याला दिसणं मुश्कील. पोरं आपापल्या पायांकडे बघायची. मुख्याध्यापक व्हरांड्यातून ओरडायचे, "झुलाल, घंटा वाजव, भूगोल नको वाजवू!"

निवृत्त झाल्यावरही दरवर्षी मे महिन्यात, सुट्टी असली तरी, तो पोरांना ओट्याभोवती उभं करायचा. त्या वेळी फार चमत्कारिक वाटतं. भर ऊन असतं, पण बादली, खांब, माणसं, सगळं नुसतं ठेवल्यासारखं दिसतं. पायांभोवती एक बारीक काळं कडं, बाकी काही नाही. गाव गप्प असतं. आणि नाना एक खेळ करायचा. हातातली कापडी पिशवी उघडून सगळ्यांपुढून फिरवत म्हणायचा, "तुमन्या बठ्ठ्या सावल्या मन्या पिशवीमा." चार-पाच मिनिटांनी पिशवी उलटी झटकायचा, "ल्या आपापली." तोवर सावल्या पूर्वेला डोकावायला लागलेल्या असायच्या. पोरं टाळ्या पिटायची.

गेल्या वर्षी पिशवी झटकायच्या आधीच वावटळ आली. नदीकडून उठली आणि सरळ मैदानात. भरदुपारची वावटळ आमच्याकडे चांगली समजत नाहीत. पोरं डोळे मिटून घराकडे पळाली; पिशवी झटकायची राहूनच गेली. त्यांत बेबाबाईची दोन नातवंडं होती, नववीतला तेजस आणि सहावीतली कामिनी.

महिन्याभरानं, पेरणीच्या दिवसांत, तेजस शेतातली मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून जागीच गेला.

दहाव्यानंतर कामिनीनं घराबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. शाळा केव्हाच सुरू झाली होती, हजेरीत तिच्या नावापुढे रोज गैरहजर. मी आणि नाना तिच्या घरी गेलो. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. भर दिवसा आत दिवा पेटवलेला, आणि त्याच्यापुढे ती पोर भिंतीकडे तोंड करून बसलेली. भिंतीवर तिची सावली. ती हात वर करायची, सावलीनं हात वर केला की खाली घ्यायची. थोड्या वेळानं पुन्हा.

"दिनभर हाईच चालू शे," बेबाबाई म्हणाली. म्हातारी कमरेत पार वाकलेली, बोलताना मान तिरकी करून वर बघायची. "मना नातूनी सावली तू खादी, झुलाल. आते हाई पोरनी तरी परत दे."

कामिनीनं भिंतीवरची नजर न हलवता विचारलं, "नाना, पिशवी कोठे शे?"

परत येताना मी म्हणालो, "अरे, देऊन टाक की. पिशवी आण, झटक तिच्यापुढे. पोर बाहेर येईल."

तो रस्त्यात थांबला. "भाऊसाहेब, हिनी परत दिधी तर तेजसनी मीच ठेवी लिन्ही, आसं व्हयी." मग चालायला लागला आणि म्हणाला, "माले रातले तसंच वाटस."

मला वेळेवर उत्तर कधी सुचत नाही.

दोन दिवसांनी तो पुन्हा गेला, मी मागे. यावेळी तो दाराशीच जमिनीवर बसला. म्हणाला, "पोरी, पिशवी रिकामी शे. पैल्हेपासून रिकामी व्हती. मी खोटं बोलनू."

"मंग सावली कोठे गयी व्हती?"

त्यानं खडूनं जमिनीवर गोल काढला, सूर्याची वाट काढली. सूर्य उत्तरेकडे सरकताना एकदा आपल्या गावाच्या माथ्यावरून जातो आणि दक्षिणेकडे परतताना पुन्हा एकदा. ती दुसरी खेप जुलैच्या अठरा-एकोणीसला, बारा छत्तीसला. "तवय ढग ऱ्हातस, म्हनीसन कोन्ले दिखत नई. पन जास. मनी, मास्तरस्नी, बैलस्नी. बठ्ठास्नी जास."

कामिनी पहिल्यांदा वळली. "बठ्ठास्नी?"

"बठ्ठास्नी."

"मंग तेजस भाऊच का गया?"

नाना खडू बोटांत फिरवत राहिला. "ते माले माहीत नई," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. मला वाटलं, तिला तेच उत्तर खरं वाटलं असावं.

अठरा जुलैला आभाळ भरलेलं होतं. शाळेची पोरं मैदानात उभी. नाना रिकाम्या हातांनी आला, तळवे उघडे ठेवून, जणू कुणी झडती घेणार आहे. बारा वाजून वीस मिनिटांनी कामिनी फाटकातून आली. इतके दिवस घराबाहेर न पडलेली पोर पिवळट दिसत होती. पोरांनी आपोआप वाट दिली. कुणी तिला शिवलं नाही. मागून बेबाबाई काठी टेकत, हाका मारत.

कामिनी ओट्याजवळ उभी राहिली. ढगांखाली कुणाचीच सावली नव्हती, आणि बारा छत्तीसलाही नव्हती, म्हणजे काहीच घडलं नाही. पोरं चुळबुळायला लागली. मग ढग फाटला. एकदम ऊन पडलं, डोळे दिपावेत असं.

कामिनीनं स्वतःच्या पायांकडे पाहिलंच नाही. ती एकेकाच्या पायांशी बघत गेली. मास्तर. पोरं. मी. नाना. कुठंच काही नाही. आणि मग तिची नजर आजीवर थांबली.

वाकलेल्या माणसाची सावली पायांत मावत नाही. बेबाबाईच्या पुढ्यात पाठीएवढा काळा ढीग पडला होता. साऱ्या मैदानात माणसाची तेवढी एकच सावली. म्हातारीनंही ती पाहिली. सगळ्या पोरांच्या गेल्या, नातीची गेली, आपली तेवढी उरली. तिनं काठी टाकली, ओट्याची कड धरली आणि कण्हत कण्हत पाठ वर उचलायला लागली. ढीग आक्रसत चालला.

"आजी, काय करस?"

"मनीबी जाऊ दे," म्हातारी म्हणाली. "तुले येकली नई धाडत."

एक मणका वाजलेला मला ऐकू आला. नाना पुढे झाला, पण त्याच्याआधी कामिनी धावली. तिनं आजीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळा जोर लावून तिला खाली दाबलं. "वाक, आजी! वाक!" ती रडत होती. "ऱ्हाऊ दे तुनी!"

म्हातारी वाकली. काळा ढीग पुन्हा जमिनीवर पसरला. ढग मिटले, आणि पोरं वर्गाकडे निघून गेली.

कामिनी आजीला ओट्यावर बसवून उन्हाची वाट बघत थांबली. एकच्या सुमाराला ऊन परत आलं, तेव्हा तिच्या टाचेपासून वीतभर सावली पूर्वेला निघालेली होती. तिनं एक पाय उचलून पाहिला. मग आजीची काठी तिच्या हातात दिली आणि दप्तर आणायला घरी गेली.