कानामात्राने गाळलेली ओळ

पडदा वर जातो तेव्हा प्रेक्षकांना दिसतो तो दिवाणखाना, खोटी खिडकी आणि खुर्चीत बसलेली मी. तुम्ही मात्र नजर जरा डावीकडे न्या, विंगेतल्या काळ्या कापडामागे. तिथे एक स्टूल आहे, डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. पत्र्याची टोपी घातलेला छोटा दिवा, सुतळीने बांधलेली नाटकाची वही आणि वहीवर वाकलेला एक किडकिडीत माणूस. हा आमचा प्रॉम्प्टर. नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, हे त्याचं काम. एकतीस वर्षं त्याने ते केलं. वाक्यात कानामात्रेचा फरक झालेला त्याला खपत नसे, म्हणून कंपनीत त्याचं नावच पडलं कानामात्रा.

“बाई, तिथे ‘आणि’ नाही, ‘व’ आहे,” मध्यंतरात तो मला गाठायचा.

“प्रेक्षकांना काय फरक पडतो हो?”

“त्यांना नसेल पडत. वहीला पडतो.”

पण त्याची खरी विद्या वेगळी होती. नट थांबला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याला पाठीवरून कळे. विसरलेल्याचे खांदे वर जातात, थांबलेल्याचे खाली येतात, असं तो सांगायचा. मुद्दाम सोडलेल्या जागेत त्याने कधी एक अक्षर टाकलं नाही.

घरीही तो वहीबरहुकूमच वागे. न्याहारीआधी बायबलचा एक अध्याय, दिवेलागणीला बायकोबरोबर प्रार्थना, शुक्रवारी उपास, रविवारी चर्चमध्ये पहिला बाक. दौऱ्यात ताप चढला तरी त्याने उपास मोडला नाही. आम्ही चिडवायचो, “कानामात्रा, स्वर्गाच्या दारात तुमची हजेरी आधीच लागलीय.” तो हसत नसे. बहुधा त्याला ते खरंच वाटत असावं.

त्याला एकुलती एक मुलगी. तिने घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न केलं, तेही कचेरीत सही करून. कानामात्रा ओरडला नाही. त्याने जेवणाच्या टेबलाजवळची तिची खुर्ची उचलली आणि माळ्यावर टाकली.

“अहो, पोटची पोर आहे,” बायको म्हणाली.

“चर्चचा नियम मी केलेला नाही.”

नऊ वर्षं खुर्ची माळ्यावर राहिली. मायलेकी बाजारात भेटायच्या, भाजीवालीच्या आडोशाला. मग बायकोने अंथरूण धरलं. तिची फुप्फुसं खराब झाली होती. मुलगी दोनदा दारात आली, आणि दोन्ही वेळा कानामात्राने तिला परत पाठवलं. संध्याकाळची प्रार्थना मात्र चुकली नाही. आपल्याशी वाईट वागलेल्यांना आपण क्षमा करतो, असं देवाला सांगायची ओळ आली, आणि बायको थांबली. कानामात्राने सवयीने पुढचा शब्द दिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा दिला, जरा मोठ्याने. तिने तो म्हटला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तेच. अठरा दिवस तेच.

“आजारपणात तिचं पाठांतर गेलं हो,” तो मला म्हणाला.

एकोणिसाव्या दिवशी ती गेली. दफनाच्या वेळी मुलगी फाटकाबाहेर उभी होती. त्याने तिला पाहिलं आणि तो सरळ आत गेला.

दीड महिन्याने दुपारचा प्रयोग होता. मरणाला टेकलेल्या बाईची भूमिका मी करत होते. शेवटच्या प्रवेशात नवऱ्याकडे बघत मी बराच वेळ गप्प राहायचे. त्या दिवशी विंगेत नवीन व्यवस्थापक उभा होता. तो घाबरला. “अहो, बाई विसरल्या. शब्द द्या ना.”

कानामात्राचा आवाज मला स्टेजवर ऐकू आला. “विसरल्या नाहीत. समोरचा काय म्हणतो त्याची वाट बघतायत.”

मग वही खाली पडली. पुढच्या वाक्याला, नाटकात माझ्या नवऱ्याचं काम करणारा नट खरोखरच अडला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा विंगेतून शब्द आला नाही. कसंबसं निभावून नेलं. पडदा पडल्यावर मी धावत आत गेले. तो स्टुलावरच होता, वही पायाशी.

“बाई, ती विसरत नव्हती,” तो म्हणाला. “अठरा दिवस मी तिला शब्द देत बसलो. ती माझ्यासाठी जागा सोडत होती.”

पण कानामात्राच तो. त्याने माफीचीही वही केली. अकरा वाक्यं लिहिली, माझ्यासमोर तालीम केली आणि इस्त्रीचा शर्ट घालून मुलीच्या घरी गेला. कडीवर हात ठेवून तिने सगळं ऐकलं.

“पाठ छान झालंय, बाबा,” ती म्हणाली. “एक शब्द चुकला नाहीत.” आणि तिने दार लावलं.

“बरोबरच केलं तिने,” तो मला नंतर म्हणाला. “तोंडाने माफी मागत होतो आणि आत म्हणत होतो, चूक हिचीच. आयुष्यभर भांडं बाहेरूनच घासलं मी, बाई.”

त्यानंतर चर्चमध्ये ती क्षमेची ओळ आली की तो गप्प राहू लागला. पाळकसाहेबांनी विचारलं, “आवाज बसलाय का?”

“नाही. ती ओळ अजून माझी झालेली नाही. देवासमोर खोटं कसं म्हणू?”

पहिल्या बाकावरून तो शेवटच्या बाकावर गेला. उपास कधी घडे, कधी राहून जाई. प्रार्थना मात्र लांबत गेली, आणि तिच्यात शब्द उरले नाहीत. “नुसता बसतो,” तो म्हणायचा. “आतलं कुलूप माझ्या हाताने निघत नाही, एवढं कळलंय. ते त्यानेच काढायचं.”

वर्षभराने एका सकाळी तो माळ्यावर चढला. खुर्ची पुसताना पाठीच्या कडेला त्याला बारीक दातांच्या खुणा दिसल्या. दात येताना पोर ती कड चावायची. तिथेच जमिनीवर बसून तो रडला. मग खुर्ची डोक्यावर घेऊन चालत मुलीच्या घरी गेला. लोक वळून बघत होते.

“ही तुझी आहे,” तो म्हणाला. पुढे काहीच पाठ केलेलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

जावयाने खुर्ची आत नेली. “चहा टाकतो,” म्हणाला.

“बसा,” मुलगी म्हणाली. “पण आईबद्दल बोलायचं नाही.”

दर आठवड्याला तो जाऊ लागला. आईचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. दोन वर्षांनी पोटाच्या आजाराने तो खाटेला खिळला, तेव्हा तीच त्याला आपल्या घरी घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याच्या उशाशी ती खुर्ची होती. तिच्यावर बसून मुलगी प्रार्थना म्हणत होती, आईने शिकवलेल्या चालीत. ती ओळ आली आणि ती थांबली. मी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. ते खाली आले होते.

कानामात्राचे ओठ हलले नाहीत.

“अजून नाही जमत, बाबा,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली. “आई आत होती, आणि तुम्ही मला दारातून परत पाठवलंत. दोनदा.”

त्याने मान हलवली आणि तिचा हात हातात घेतला. त्यानंतर दोन दिवस तो होता, पण वाचा गेली होती. मुलीच्या तोंडून ती ओळ त्याला ऐकायला मिळाली नाही. त्या संध्याकाळी तिचा हात धरून तो शेवटचं जे बोलला, ते कानामात्रेचा फरक न करता लिहिते.

“घाई नाही गं, पोरी. मी थांबलोय.”