खुर्चीवरचा रुमाल

प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी आपल्या विवेकासमोर उभं राहावं लागतं. माझ्यावर ती वेळ एका फ्रेंच विनोदी चित्रपटाची रीळ बदलत असताना आली, आणि मी उभा होतो तो प्रोजेक्टरची वायर धरून. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आक्काला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आक्काला ओळखत नाही.

आधी मंडळाबद्दल सांगू, की दाजींबद्दल? टाळायचं असलं की मी नेहमी मंडळापासून सुरुवात करतो.

तर मंडळ. नव्वदीतल्या सुरतेत मराठी माणूस दोन प्रकारचा होता — एक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा आणि दुसरा त्याच्याबद्दल चिंता व्यक्त करणारा. आमच्या रसिक मंडळात सगळे दुसऱ्या प्रकारचे. बँकेतले, कंपनीतले, दोन प्राध्यापक. मी शाळेत मास्तर झालो आणि पहिल्या प्रकारच्या घरातून दुसऱ्यात आलो. घरात अहिराणी, मंडळात शुद्ध मराठी. मी चिटणीस होतो. म्हणजे खुर्च्या मांडायच्या, पत्रकं काढायची आणि अध्यक्ष बोलायला लागले की मान डोलवायची.

आता दाजी. आक्काचे यजमान. सुरतेतच बमरोलीला लूमवर होते. शिकायला म्हणून मी सुरतेला आलो तेव्हा चार वर्षं त्यांच्या खोलीत राहिलो. खोलीत खाट एकच होती. ती माझी होती. — एवढंच सांगतो. जास्त सांगितलं तर तुम्हाला पुढचं सोसणार नाही, आणि मलाही.

त्या वर्षी मंडळाने एक जुना फ्रेंच चित्रपट मागवला. काळा-पांढरा, एकोणीसशे पन्नासच्या सुमारास काढलेला. पर्यटकांची एक बस समुद्राकडे निघते. गाईड दर थांब्यावर माणसं मोजतो, दर वेळी एक कमी भरतं, आणि तो रस्त्यावरचा कुणीतरी धरून आत बसवतो. आकडा जुळला की गाडी सुटते. सोबतच्या इंग्रजी कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हा हलकाफुलका विनोदी चित्रपट आहे. मी तसंच मराठी पत्रक केलं. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, ‘विनोदी काढा हो. फ्रेंच आहे.’ मी काढलं. त्या जागी लिहिलं, ‘सहलीच्या निमित्ताने मानवी प्रवासाचा घेतलेला वेध.’ मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं, हेही कबूल करतो.

दाजींनी ते पत्रक माझ्या घरी पाहिलं. ‘आम्ही आलो तर चालतं का, मास्तर?’ मी म्हणालो, ‘या की!’ लोक येणार नाहीत या खात्रीने आपण म्हणतो ना, तसं.

ते आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. दुसऱ्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला — एस.टी.त टाकतात तसा. माझ्यासाठी. मी मागे प्रोजेक्टरपाशी काम काढलं. काम काय होतं? काही नव्हतं.

चित्रपट सुरू झाला. सगळे हनुवटीला हात लावून मानवी प्रवासाचा वेध घेऊ लागले. आणि मग दाजी हसले. लूमवर जन्म काढलेल्या माणसाचं हसणं कसं असतं माहीत आहे? शंभर यंत्रांच्या खडखडाटातून पलीकडच्याला ऐकू जाईल असं. कारण त्यांना ती बस ओळखीची होती. दर चैत्रात बमरोलीहून वणीच्या देवीला गाडी जायची. एका वर्षी माणसं मोजायचं काम दाजींकडे होतं. चहाच्या थांब्यावर एक कमी भरलं, म्हणून त्यांनी बाकावर पेंगणाऱ्या एका म्हाताऱ्याला उचलून गाडीत बसवलं. वणीला पोचल्यावर कळलं की त्याला सुरतेला जायचं होतं, आणि मागे राहिली होती ती खुद्द दाजींची आई. पडद्यावर गाईडने पहिला अनोळखी माणूस गाडीत ढकलला आणि दाजी ओरडले, ‘आरे, हाई ते आपली वणीनी गाडी शे!’ हे त्यांनी मागे वळून म्हटलं. माझ्याकडे बघून.

तेवढ्यात रीळ संपली. दिवे लागले.

अध्यक्ष उठले. ‘हे गृहस्थ कोण? कुणी आणलंय यांना? चिटणीस, तुमच्या ओळखीचे आहेत का?’

मी काय म्हणालो असेन? तुम्ही ओळखलं असेलच. पण ते माझ्या हाताने लिहायला हवं. मी म्हणालो, ‘नाही. चुकून आले असतील.’

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल उचलला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाले, ‘हा साहेब, चुकलंच. मला वाटलं, इथं लग्न आहे.’ सभागृह हसलं. त्या संध्याकाळी एवढंच हसलं. माझं खोटं त्यांनी उभ्या उभ्या पुरं करून दिलं आणि ते गेले. त्यानंतर अध्यक्ष आधुनिक माणसाच्या एकाकीपणावर बोलले. आभार मी मानले.

आक्काला त्यांनी कधी काही सांगितलं नाही. पुढच्या भाऊबीजेला ती आत ताट करत असताना दाजींनी विचारलं, ‘मास्तर, पोचली का ती गाडी?’ मी म्हणालो, ‘पोचली.’ ‘सगळे?’ ‘सगळे.’ हेही खोटंच. शेवटी त्या बसमध्ये निघतानाचं एकही माणूस उरत नाही. आकडा तेवढा बरोबर भरतो. बदललं म्हणाल तर एकच. आधी दाजी माझ्या घरी येता-जाता डोकवायचे. त्यानंतर येण्याआधी निरोप पाठवू लागले.

मी भित्रा होतो, असं म्हटलं तर ते थोडं सौम्य होतं. मला भीती कशाची होती? कुणी मला मारणार होतं? फार तर खुर्च्या मांडायचं काम गेलं असतं.

दाजी आता गावी असतात. इतकी वर्षं लूमवर गेल्याने त्यांना ऐकू येत नाही. काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि आक्का सतत घरात असते. हे कारण मी बरीच वर्षं वापरलं.

हे ज्या पेपरला छापायला देतोय, तो मात्र ते रोज वाचतात. चष्म्याशिवाय.