बाच्या नावाने वाचलेलं भाषण

"पहिलवान, बोलणं राहू द्या. सदरा काढा."

शाळेच्या स्टेजवरून शेटजी हे बोलले. माझा बा टेबलाजवळ उभा होता. डोक्यावर गुलाबी फेटा, गळ्यात झेंडूचा हार. त्याला भाषण करायला बोलावलं होतं. त्या दिवशी तो आमच्या शाळेचा प्रमुख पाहुणा होता.

बाने हार काढून टेबलावर ठेवला. मग सदऱ्याच्या गुंड्यांना हात घातला.

मी मुलींच्या बाकावर बसले होते. शाळेत मुली पाचच. मी खाली पाहिलं. माझ्या हातात कागद होता. भाषणाचा.

मुलांनो, तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. तुमच्या आईबापांनाही नाही. आता तुमच्या पत्रावरून लिहिते आहे, तर क्रमाने लिहिते.

नंदुरबारला तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी इंग्रजी पाचवीत होते. माझा बा म्हणजे तुमचे पणजोबा. तरुणपणी त्यांनी तापीकाठच्या जत्रांमध्ये कुस्त्या मारल्या. म्हसावद, शहादा, तळोदा, कुठेही हलगी वाजली की बा लंगोट बांधून हजर, असं माय सांगायची. मी पाहिलं नाही. मला कळू लागलं तेव्हा त्याचा उजवा गुडघा निकामी झाला होता आणि तो शेटजींच्या पथारीवर राखणीला होता. पथारी म्हणजे लाल मिरच्या वाळत घालायचं मोकळं मैदान. हिवाळाभर बा तिथे काठी घेऊन फिरे. अंगाला, धोतराला, मिशांना मिरचीचा खकाणा. तो घरात आला की आम्ही शिंकायचो. तो हसायचा.

शाळेत माझी फी माफ होती. गरिबांच्या मुलांना अशी माफी मिळे, तिला नादारी म्हणत. ती दरसाल नव्याने मंजूर व्हायची आणि मंजूर करणारे शाळेच्या कमिटीचे चेअरमन. चेअरमन म्हणजे तेच शेटजी. नादारी गेली असती तर माझी शाळा गेली असती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे.

शाळेचा एक रिवाज होता. संमेलनात खेळांचा दिवस असे, आणि त्या दिवशी एखादा जुना, थकलेला पहिलवान पाहुणा म्हणून आणत. त्याने बलोपासनेवर चार शब्द बोलायचे. बदल्यात फेटा, नारळ आणि एक जेवण. चार शब्द हेडमास्तर लिहून देत. पहिलवानाने ते पाठ करायचे.

आदल्या वर्षी तळोद्याकडचा एक म्हातारा आला होता. दोन वाक्यं बोलून तो अडला. मग शेटजींनी त्याला दंड फुगवून दाखवायला सांगितलं. दंडाची कातडी लोंबत होती. सगळी शाळा हसली. मीही हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. हे लिहिलं नाही तर पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

त्या वर्षी पाळी बाची आली. शेटजींनी पथारीवर येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. घरी येऊन बाने ते मायला दोनदा सांगितलं. मायने त्याचा सदरा राखेच्या पाण्यात भिजवला, तीन वेळा धुतला.

हेडमास्तर पुण्याकडचे. भाषा स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी भाषणाचा कागद माझ्याच हातात दिला. वडिलांकडून पाठ करून घे म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "उच्चार सांभाळ. पाहुणा आपल्या शाळेत बोलतोय, बाजारात नाही."

बाला वाचता येत नव्हतं. आम्ही घरी अहिराणी बोलायचो, तुमच्या कानांवर कधी न पडलेली. शाळेतली मराठी मलाही परकीच होती, पण मी ती शिकले होते आणि मला तिचा ताठा होता. आठ दिवस, पथारीवरून आल्यावर, बा भिंतीला टेकून बसायचा, दुखरा पाय लांब करून. मी वाक्य म्हणायची. तो मागून म्हणायचा.

भाषणात एक वाक्य होतं: "मी अडाणी आहे, परंतु श्रीमंतांच्या आश्रयामुळे मला चार लोकांत मान मिळाला." बा म्हणायचा, "मी अडानी आहे." मी म्हणायची, "अडानी नाही बा, अडाणी." तो पुन्हा म्हणायचा. मी पुन्हा चूक काढायची. असं किती वेळा. माझ्या बाला मी अडाणी म्हणायला शिकवलं, आणि ते शुद्ध म्हणावं म्हणून त्याच्यावर चिडले. वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. पुढे आणखी होतं. गरिबाच्या पोराने फार पुस्तकांच्या नादी लागू नये, शरीर कमवावं, मालकाशी इमान राखावं. गरिबाची पोर मी. पुस्तक माझ्या मांडीवर. तेही मी घोटून घेतलं.

एकदा मध्येच बा म्हणाला, "कुस्तीनं काही शेच नही ह्यामा." यात कुस्तीचं काही नाहीच. मी म्हटलं, मास्तरांनी लिहिलंय ते बरोबर असणार. त्याने पुढचं वाक्य म्हटलं.

तो दिवस आला. बाला खुर्ची दिली. हेडमास्तरांनी स्वतः फेटा बांधला. पुढच्या रांगेत वकील, डॉक्टर, व्यापारी बसले होते. सदरा तीनदा धुतला होता तरी मिरची गेली नव्हती. पहिल्या रांगेत कुणीतरी शिंकलं. मग दुसरं. मागून एक मुलगा म्हणाला, "पाव्हना फोडणी दी ऱ्हायना." पाहुणा फोडणी देतोय. हशा पिकला. तो मुलगा आमच्याच भाषेत बोलला होता. हसायला ती भाषा चालत होती.

बा उठला. "सन्माननीय अध्यक्ष महाराज आणि विद्यार्थी मित्रहो." स्वच्छ म्हटलं. मग थांबला. मी ओठ हलवून पुढचं वाक्य सांगत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला दिसलं, नक्की दिसलं. पण त्याने नजर काढून घेतली आणि समोर बघून बोलू लागला.

"भाऊस्होन, माले पाठ करेल याद नही. एक कुस्ती मी हारनू व्हतू. ती सांगस."

मला पाठ केलेलं आठवत नाही. एक कुस्ती मी हरलो होतो. ती सांगतो.

बास. एवढंच. शाळा पुन्हा हसू लागली. भाषेला हसली, की पाहुणा हरलेली कुस्ती सांगतो म्हणून हसली, मला माहीत नाही. आणि तेव्हाच शेटजींनी सदरा काढायला सांगितलं.

बाने सदरा काढला. शेटजी म्हणाले, पाच बैठका मारून दाखवा, पोरांना कळू दे शरीर म्हणजे काय. त्याचा गुडघा त्यांना ठाऊक होता. त्या गुडघ्यापायीच त्याला राखणीची नोकरी मिळाली होती. मुलं मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तिसऱ्याला बा खाली गेला आणि वर येईना. मोजणं थांबलं. त्याने टेबलाची कड धरली आणि उठला. घाम छातीवरून पोटावर उतरत होता.

हेडमास्तरांना कार्यक्रम सावरायचा होता. ते म्हणाले, पहिलवानांचे विचार आपल्यापर्यंत पोचायला हवेत. त्यांची कन्या आपलीच विद्यार्थिनी आहे, ती भाषण वाचेल.

मी उठले. का उठले? नादारीसाठी, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की मला चांगलं वाचता येत होतं आणि ते लोकांना दाखवायचं होतं.

स्टेजवर गेले तेव्हा बा हळूच म्हणाला, "वाच बाई. तुले येस." वाच, तुला येतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी वाचलं. "मी अडाणी आहे, परंतु श्रीमंतांच्या आश्रयामुळे..." एकही उच्चार चुकला नाही. बा माझ्या शेजारी उघडा उभा होता, सदरा हातावर घेऊन. परत घाला असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नाही. टाळ्या पडल्या. शेटजी खूश झाले. त्यांनी तिथेच जाहीर केलं की या मुलीची नादारी पुढल्या वर्षीही चालू राहील. पुन्हा टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर शिपाई आला आणि बाला म्हणाला, फेटा द्या, संस्थेचा आहे, दरवर्षी तोच असतो. बाने दोन्ही हातांनी उचलून दिला, बांधणी मोडू न देता.

घरी मायने विचारलं, कसं झालं. बा म्हणाला, "पोरनी चांगलं वाचं." पोरीने चांगलं वाचलं. माय गुडघा शेकत बसली. मी अभ्यासाला बसले. इंग्रजीचा धडा होता. मला तो पाठ झाला. तेवढी मी निबर होते.

मग वर्ष गेलं. वर्षभरात काय बदललं ते एका वाक्यात सांगता येणार नाही. एवढं खरं, की शाळेत मुलं मला "अडाणी" म्हणून हाक मारू लागली. मीच वाचलेला शब्द. मला हाक मारली की मला बा दिसायचा, हातावर सदरा घेतलेला. पहिल्यांदा वाटलं, लाज त्याची वाटतेय. त्याच्या बोलीची, त्याच्या वासाची. पुढे पुढे कळलं की लाज माझी आहे. आणखी पुढे कळलं की लाज वाटून घेणारे आम्ही दोघंच आहोत. ज्यांना वाटायला हवी होती ते रोज जेवून झोपत होते.

संमेलन जवळ आलं. हेडमास्तरांनी मला बोलावलं. म्हणाले, यंदा वडिलांना पुन्हा आणू, गेल्या खेपेला छान रंगलं. भाषण लिहून ठेवलंय. पाठ करून घेण्याची यातायात नको, तूच वाच. येताना नादारीचा अर्जही आण.

मी म्हटलं, "मी वाचणार नाही."

त्यांना वाटलं, लाजते. म्हणाले, "मग वाचणार कोण?"

"कुणी नाही. ते बोलतील."

"त्या भाषेत?"

"हो."

ते हसले. त्यांना राग आला नव्हता, गंमत वाटली होती. म्हणाले, "मुली, ती बोलायची भाषा आहे. भाषणाची नव्हे. आणि नादारीचं काय?"

मी म्हटलं, "नको मला."

ते गंभीर झाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि त्या माणसाने मला विचारलेला तेवढाच प्रश्न योग्य होता. "वडिलांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बा बराच वेळ काठीला तेल लावत राहिला. मग म्हणाला, "तुले कोनी सांगं? मन्हा गुडघा गया, तो काय फुकट गया?"

तुला कुणी सांगितलं? माझा गुडघा गेला तो काय फुकट गेला?

त्याने माझ्यावर केलेला हा एकच राग. तो बरोबर होता. त्या तीन बैठकांत उरलासुरला गुडघाही गेला होता, आणि त्या त्याने माझ्या शाळेसाठी मारल्या होत्या. मोल देऊन झालं होतं, आणि मी वस्तू परत केली होती. त्याला न विचारता. पहिल्यांदा मी त्याच्या जागी वाचलं. दुसऱ्यांदा मी त्याच्या जागी नाही म्हटलं. दोन्ही वेळा तो तिथेच होता आणि बोलले मी. नाही म्हटलं याची मला आजही खंत नाही. पण ते मी एकटीने ठरवलं, याची आहे.

माझी शाळा सुटली. एक वर्ष मी मायबरोबर पथारीवर मिरच्यांचे देठ मोडले. हात रात्रंदिवस जळायचे. पुढे मामाने धुळ्याला नेलं आणि मी तिथून मॅट्रिक झाले. तुम्ही ज्या आजीला ओळखता ती तिथून सुरू होते. निकाल लागायच्या आत बा गेला.

ती हरलेली कुस्ती मी त्याला कधी विचारली नाही. एक वर्ष आम्ही त्याच पथारीवर होतो. दुपारी सावलीला बसून भाकरी खायचो. विचारता आलं असतं. आज विचारू, उद्या विचारू, असंही नव्हतं. सुचलंच नाही. मला तो त्याच्या बोलीसकट अजूनही नको होता, एवढंच न सुचण्याचं कारण.

आता तुमच्या पत्राविषयी. तुमच्या तिकडे कंपनीच्या समारंभाला निवृत्त खेळाडूंना मानधन देऊन बोलवतात, ते हरण्याजिंकण्याच्या गोष्टी सांगतात, सगळे उठून टाळ्या वाजवतात, हे वाचलं. तुम्हालाही आपल्या पहिलवान पणजोबांवर दहा मिनिटं बोलायचं आहे. म्हणून मी, ते बोलले असते तसं काही स्फूर्ती देणारं लिहून पाठवावं, असं तुम्ही म्हणता. आजीला भाषा चांगली येते म्हणून.

येते. पण मी लिहिणार नाही.

त्याने स्टेजवर स्वतःची तीन वाक्यं उच्चारली. ती वर दिली आहेत, जशीच्या तशी. तुम्हाला बोलायचं असेल तर ती तीन बोला. न हसता बोला, आणि त्यापुढे काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही असं सांगून खाली बसा. उरलेली नऊ मिनिटं रिकामी राहिली तर राहू देत. त्याच्या तोंडी एकदा दुसऱ्याचे शब्द घातले गेले आणि ते मी घातले. मी जिवंत असेपर्यंत, आपल्या घरातलं कुणी ते पुन्हा करणार नाही.